ओआरएसमध्ये साखर कशासाठी? पेशीपटलाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यात आशा स्वयंसेविका म्हणून काम करते. पावसाळ्यात पाड्यांवर जुलाबाचे रुग्ण वाढले की आम्ही घरोघरी ओआरएसच्या पुड्या देतो. बहुतेक आया विचारतात, ‘‘ताई, जुलाबात अंगातलं पाणी आणि मीठ जातं हे कळलं, पण मग यात साखर कशाला?’’ काही घरांत साखरेने जुलाब वाढतात असे मानतात, म्हणून आजी नातवाला नुसते मिठाचे पाणी पाजते. याउलट काही जण ताकद यावी म्हणून पुडीच्या पाण्यात वरून आणखी दोन चमचे साखर टाकतात. या दोघांना काय सांगावे?

उत्तर : ताई, ओआरएसमधील साखरेचे मुख्य काम मिठाला आतड्याच्या पेशींमध्ये नेण्याचे आहे. ताकद हा तिचा दुय्यम उपयोग आणि चव त्याहूनही दुय्यम. हे काम कसे चालते ते एकदा समजले, की नुसते मिठाचे पाणी अपुरे का पडते आणि जास्तीची साखर घातक का ठरते, या दोन्ही गोष्टी आपोआप उलगडतात. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

लहान आतड्याला आतल्या बाजूने पेशींच्या एकाच थराचे अस्तर असते. आपण प्यालेले पाणी हा थर ओलांडून रक्तात पोचेपर्यंत शरीराच्या उपयोगाचे नसते. दिवसभरात प्यालेले पाणी, लाळ, जठररस, पित्त आणि स्वादुपिंडाचा रस असा सगळा मिळून सुमारे आठ-नऊ लिटर द्रव प्रौढ माणसाच्या आतड्यात येतो, आणि निरोगी अवस्थेत त्यातला जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर शौचावाटे बाहेर पडतो. बाकीचा सगळा परत शोषला जातो. हे एवढे मोठे काम करताना पाण्याला स्वतंत्रपणे ओढून घेण्याची सोय मात्र आतड्याजवळ नाही. विरघळलेले कण ज्या बाजूला जास्त, त्या बाजूला पाणी जाते. शाळेच्या पुस्तकात यालाच परासरण म्हटले आहे. त्यामुळे पाणी आत घ्यायचे असेल तर आधी मिठातला सोडियम आत न्यावा लागतो.

अडचण येते ती येथेच. प्रत्येक पेशीभोवतीचे पटल हे स्निग्ध पदार्थांच्या दुहेरी थराचे बनलेले असते आणि त्याची जाडी साधारण ७ ते ८ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाहूनही कमी असते. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू या स्निग्ध थरातून सहज ये-जा करतात. जिकडे प्रमाण जास्त तिकडून कमी असलेल्या बाजूला ते पसरतात आणि त्यासाठी पेशीला ऊर्जा खर्चावी लागत नाही. सोडियमच्या कणावर विद्युतभार असतो, त्यामुळे त्याला हा थर ओलांडता येत नाही. ग्लुकोजचा रेणू त्या मानाने मोठा आणि पाण्यात रमणारा, त्यामुळे त्यालाही नाही. या दोघांसाठी पटलात रुतलेली खास प्रथिने लागतात.

आतड्यातील अशा एका प्रथिनाचे नाव एसजीएलटी-१ असे आहे. त्याचा नेम ठरलेला आहे : दोन सोडियम आणि एक ग्लुकोज एकत्र आले, तरच ते त्यांना बाहेरून आत नेते. आपल्याकडची वडापची जीप जशी सगळी बैठक भरल्याशिवाय हलत नाही, तसेच हे. नुसता सोडियम कितीही असला तरी या मार्गाने तो आत जात नाही, आणि नुसते ग्लुकोज असले तरीही नाही. एका दिशेने असे जोडीने नेण्याला सहवहन म्हणतात. आतड्यातील ही जोडी रॉबर्ट क्रेन या अमेरिकन जैवरसायनशास्त्रज्ञांनी ऑगस्ट १९६० मध्ये प्राग येथील परिसंवादात प्रथम मांडली.

हे सहवहन अखंड चालू राहते ते पेशीच्या दुसऱ्या, म्हणजे रक्ताकडच्या बाजूला असलेल्या सोडियम-पोटॅशियम पंपामुळे. हा पंप दर फेरीला तीन सोडियम पेशीबाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा, एक रेणू खर्च करतो. त्यामुळे पेशीतील सोडियम सतत कमी राहतो आणि आतड्याच्या पोकळीतील सोडियमला आत येण्याची ओढ कायम राहते. डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करून १९५७ मध्ये या पंपाचा शोध जाहीर केला आणि चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये, त्यांना त्यासाठी रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. सोडियम रक्ताकडे गेला की त्याच्यामागे पाणी जाते. तुमच्या पुडीचा सगळा प्रभाव या साखळीवर उभा आहे.

आता जुलाबात काय बिघडते ते पाहू. पटकीचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. पटकीचा जंतू एक विष सोडतो. हे विष आतड्याच्या पेशींच्या पटलाला चिकटते, पटल त्याला कवेत घेऊन आत ओढते आणि आत गेल्यावर ते पेशीतील क्लोराइडच्या मार्गिका सतत उघड्या ठेवते. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत उतरत राहतो, त्याच्यामागे सोडियम जातो आणि दोघांच्या मागे पाणी. गंभीर आजारात प्रौढ रुग्णाचे तासाला एक लिटरपर्यंत पाणी असे निघून जाऊ शकते. हे विष अस्तित्वात आहे हे कोलकात्याचे शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले होते. या विषाने मीठ शोषणारे एक नेहमीचे यंत्रही मंदावते, आणि म्हणून आजीने पाजलेले नुसते मिठाचे पाणी बरेचसे तसेच वाहून जाते. एसजीएलटी-१ मात्र या सगळ्या गोंधळात शाबूत राहते. ग्लुकोज सोबत दिले की सोडियम आत जातो आणि पाणीही. आजारी आतड्यातला एक मार्ग चालू आहे हे ओळखून नेमका तोच वापरणे, हे मला वैद्यकशास्त्रातील अत्यंत सुंदर विचारांपैकी एक वाटते.

हा विचार कागदावरून माणसांपर्यंत पोचला तो आपल्याच देशाच्या सीमेवर. ढाक्यातील पटकी संशोधन प्रयोगशाळेत १९६८ मध्ये डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी रुग्णांवर हे द्रावण यशस्वीपणे वापरले होते, पण काटेकोर देखरेखीखाली. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगाव येथील छावण्यांत पटकीची साथ पसरली. तेथे काम करणारे बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळ शिरेतून देण्याचे सलाइन पुरेसे नव्हते. त्यांनी प्रति लिटर २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे प्रमाण ठरवून पाकिटे भरून घेतली, पाण्याने भरलेल्या पिंपांत ती विरघळवली आणि रुग्णांच्या आई-वडिलांना, भावंडांना पेल्याने पाजायला सांगितले. जेथे मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत गेले होते, तेथे त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत ते ३.६ टक्क्यांवर आले. डॉ. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला. ताई, तेव्हा छावणीत पेला हातात धरून बसलेली आई आणि आज तुमच्या पाड्यावरची आई एकच काम करीत आहेत, आणि ते डॉक्टरच्या कामाहून कमी प्रतीचे नाही, हे त्यांना जरूर सांगा.

आता जास्तीच्या साखरेविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून स्वीकारलेल्या सूत्रात एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. यात कणांच्या संख्येने मोजले तर सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही ७५ मिलिमोल, म्हणजे समसमान आहेत, आणि विरघळलेल्या सगळ्या कणांची बेरीज २४५ मिलिऑस्मोल (विरघळलेले कण मोजण्याचे एकक) होते. ही बेरीज रक्तातील प्रमाणाहून, म्हणजे सुमारे २९० हून, थोडी कमी ठेवलेली आहे, जेणेकरून पाण्याचा ओघ आतड्याकडून रक्ताकडेच राहावा. आधीच्या सूत्रात हीच बेरीज ३११ होती. ती कमी केल्यावर मुलांचे जुलाब आणि उलट्या कमी झाल्या. यावरून लक्षात येईल की वरून टाकलेले दोन चमचे किरकोळ नाहीत. न शोषली गेलेली साखर आतड्यात राहते आणि उलट रक्तातले पाणी आतड्यात खेचते. साखरेने जुलाब वाढतात ही आजीची समजूत या अर्थी साफ चुकीची नाही. जास्त साखरेने ते वाढतात. थंड पेयांत लिटरमागे १०० ग्रॅमच्या आसपास साखर आणि नाममात्र मीठ असते, त्यामुळे जुलाब झालेल्या मुलाला ती देऊ नयेत. नावात ‘ओआरएस’ मिरवणारी काही गोड पेये बाजारात होती. सूत्राशी न जुळणाऱ्या पेयांना हा शब्द वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. हा निर्णय फार पूर्वीच व्हायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुडी एका लिटरची असेल तर ती पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात एकाच वेळी विरघळवावी. पेलाभर पाण्यात अंदाजाने चिमूटभर भुकटी टाकण्याची सवय मोडायला हवी, कारण त्यात प्रमाण राहत नाही आणि दाट द्रावण लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. केलेले द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू करावे. अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण चालू ठेवावे. सोबत दिलेल्या झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्याव्यात. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ हे प्रमाण वापरता येते. आपली साखर ही ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी असते. आतड्याच्या पटलावर ती तुटते आणि ग्लुकोज मोकळे होते. मीठ घातलेली भाताची पेजही याच कारणाने उपयोगी पडते, कारण तिच्यातील पिष्टाचे हळूहळू ग्लुकोज होते.

एक गोष्ट आयांना आधीच सांगून ठेवा : या द्रावणाने जुलाब लगेच थांबत नाहीत, ते फक्त गेलेले पाणी भरून काढते. हे न सांगितल्यास ‘गुण येत नाही’ म्हणून दुसऱ्या दिवशी पेला बाजूला ठेवला जातो. मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, पिणे सोडले किंवा शौचात रक्त दिसले तर वाट न पाहता दवाखान्यात न्यावे.

प्रश्न : मी पुण्यात अकरावी विज्ञान शाखेत आहे. पेशीपटल स्निग्ध पदार्थांचे असेल तर पाणी त्यातून जातेच कसे? तेल आणि पाणी तर मिसळत नाहीत.

उत्तर : थोडे पाणी स्निग्ध थरातून थेट झिरपते, कारण त्याचा रेणू अगदी लहान असतो. पण तांबड्या पेशींतून आणि मूत्रपिंडातून पाणी ज्या वेगाने जाते, त्याचा उलगडा एवढ्याने होत नव्हता. पाण्यासाठी वेगळ्या मार्गिका असाव्यात अशी शंका अनेक वर्षे होती. मार्गिका मात्र सापडत नव्हती. अमेरिकेतील पीटर ॲग्रे तांबड्या पेशींतील आरएच रक्तगटाच्या प्रथिनावर काम करीत असताना त्यांच्या नमुन्यांत दुसरेच एक प्रथिन विपुल प्रमाणात आढळले. त्याचे काम काय, हे ठरवण्यासाठी त्यांच्या गटाने ते प्रथिन तयार करण्याचा संदेश असलेला आरएनए बेडकाच्या अंड्यांमध्ये टोचला. ही अंडी साध्या डबक्याच्या पाण्यात सहसा फुगत नाहीत. टोचलेली अंडी मात्र सौम्य द्रावणात ठेवताच फुगली आणि फुटली. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने प्रश्न निकालात निघाला. या प्रथिनाला ॲक्वापोरिन हे नाव मिळाले आणि २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ॲग्रे यांना रॉडरिक मॅकिनन यांच्यासोबत मिळाले. मॅकिनन यांनी पोटॅशियमच्या मार्गिकेची रचना उलगडली होती.

एका ॲक्वापोरिनमधून सेकंदाला अब्जावधी रेणू एकामागोमाग एक असे जातात, तरीही त्यातून हायड्रोजनचा भारित कण निसटत नाही. तो निसटला असता तर पेशीच्या आतील-बाहेरील आम्लतेचा फरक टिकला नसता. उन्हाळ्यात पाणी कमी पडले की मेंदूकडून सुटणाऱ्या संप्रेरकामुळे मूत्रपिंडाच्या नलिकांतील पेशी आपल्या पटलावर जास्त ॲक्वापोरिन आणून बसवतात आणि पाणी वाचवतात. लघवी गडद पिवळी होते ती यामुळे. परीक्षेच्या उत्तरात एवढे मात्र पक्के लिहावे की ॲक्वापोरिन पाण्याला ढकलत नाही. ते वाट देते. दिशा परासरणानेच ठरते.

प्रश्न : मी ठाण्यातील निवृत्त बँक कर्मचारी आहे. मला मधुमेह आहे. डॉक्टरांनी दिलेल्या नव्या गोळीमुळे लघवीतून साखर जाते असे समजले. पूर्वी लघवीत साखर दिसली की आम्ही घाबरत असू. आता तीच औषधाने घालवायची, हे कसे? आणि जुलाब झाल्यास मला ओआरएस चालेल का?

उत्तर : आपली गोळी बहुधा ग्लिफ्लोझिन गटातील आहे. वरच्या उत्तरातील एसजीएलटी-१ चा एक जोडीदार, एसजीएलटी-२, मूत्रपिंडात असतो. मूत्रपिंडातून दिवसाला सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळले जाते आणि त्याचा सुमारे ९० टक्के भाग हे प्रथिन सोडियमच्या जोडीने परत रक्तात आणते. गोळी नेमके याचेच काम रोखते, म्हणून जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर पडते. या औषधांचा पूर्वज फ्लोरिझिन हा सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून १८३५ मध्ये वेगळा केलेला पदार्थ होता. पूर्वी लघवीत दिसणारी साखर ही रक्तातील साखर आवाक्याबाहेर गेल्याची खूण होती. आता ती औषध काम करीत असल्याची खूण आहे. यामुळे या गोळीवर असताना केवळ लघवी तपासून मधुमेहाचा अंदाज बांधू नये.

जुलाबात आपण ओआरएस घेऊ शकता. लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज हे प्रमाण मर्यादित आहे, आणि शरीर कोरडे पडण्याचा धोका त्याहून मोठा आहे. रक्तातील साखर मात्र वरचेवर तपासावी. जुलाब-उलट्या चालू असताना आणि जेवण जात नसताना ही गोळी काही दिवस थांबवण्याचा सल्ला डॉक्टर अनेकदा देतात, कारण त्या अवस्थेत रक्तात आम्ल साचण्याची शक्यता असते. म्हणून आजार होण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना याविषयी विचारून त्यांचा सल्ला लिहून ठेवावा.

प्रश्न : लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की पाणी सुटते. हेही परासरणच का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : होय. फोडीबाहेरचे मीठ तिच्या ओलाव्यात विरघळून अतिशय दाट द्रावण होते आणि पेशींतले पाणी पटल ओलांडून बाहेर येते. पेशीतील जीवद्रव्य आकसून पेशीभित्तिकेपासून सुटते; पुस्तकात याला रसाकुंचन म्हणतात. लोणचे टिकते तेही बऱ्याच अंशी यामुळेच, कारण फोडीवर पडलेल्या जंतूंचेही पाणी असेच काढून घेतले जाते. कोमेजलेली मेथी पाण्यात ठेवली की पुन्हा ताठ होते, कारण तिच्या पेशी जिवंत असतात आणि त्यांचे पटल शाबूत असते. भरपूर मीठ लावून मुरवलेली फोड पाण्यात टाकली तर तशी ताठ होत नाही. तिच्या पेशी मेलेल्या असतात, पटलाची निवड करण्याची क्षमता संपलेली असते, आणि म्हणूनच मीठ व मसाल्याची चव फोडीच्या आतपर्यंत उतरते.